खिंडीतली दुपार : एका अपघाताचा अहवाल लिहिताना

फेब्रुवारीच्या शेवटच्या रविवारी आमच्या गिर्यारोहण संस्थेची एका सुळक्यावर चढाई होती. नऊ जण होते. सगळे माथ्यावर पोहोचले, एकेक करून रॅपलिंगने, म्हणजे दोराच्या आधाराने, उतरू लागले आणि शेवटचा माणूस उतरत असताना वरून एक दगड सुटला. खाली खिंडीत थांबलेल्या एका मुलाच्या खांद्यावर तो निसटता बसला आणि त्या धक्क्याने मुलगा खिंडीच्या कडेवरून दहा-बारा फूट खाली घसाऱ्यात गेला. हेल्मेट डोक्यावर होतं, त्यामुळे डोकं वाचलं. गळ्याचं हाड आणि तीन बरगड्या मोडल्या, फुफ्फुसाला मार लागला. आज तो बरा आहे. सुळक्याचं नाव मी लिहीत नाही, कारण त्याच्या घरच्यांची तशी इच्छा आहे.

त्या चढाईला मी गेले नव्हते, म्हणून अहवाल लिहायचं काम माझ्याकडे आलं. दुसरं कारण माझी नोकरी. चाकणच्या एका कारखान्यात मी बरीच वर्षं सुरक्षा विभागात काम करते आहे. अपघातानंतर माणसांशी कसं बोलायचं, कागद कुठून सुरू करायचा, हे तिथे शिकले.

पुण्यात नवी पेठेतल्या आमच्या खोलीत पहिली बैठक झाली तेव्हा निकाल जवळपास तयार होता, आणि एक नव्हे, तीन निकाल होते. काहींचं म्हणणं, ठरवून दिलेली जागा सोडून तो गेलाच का? काहींच्या मते लीडरने खाली लक्ष ठेवायला हवं होतं. जुन्या मंडळींपैकी एक जण म्हणाले, "दगड आहे, पडणारच. नशिबात होतं." या तिन्ही वाक्यांनंतर विचारण्यासारखं काही उरत नाही, ही मला त्यांची अडचण वाटली. पहिल्या दोन निकालांत एक माणूस सापडतो, तिसऱ्यात कोणीच सापडत नाही, आणि तिन्हीनंतर पुढच्या रविवारचा टेम्पो त्याच वेळी, तितक्याच माणसांना घेऊन वनाजवरून सुटू शकतो.

मी प्रत्येकाला वेगवेगळं भेटले. "असं का केलंस?" हा प्रश्न विचारायचा नाही, असं ठरवलं होतं. कारखान्यातला अनुभव असा की 'का' ऐकलं की माणूस स्वतःचा बचाव मांडू लागतो. मी विचारत होते, "तेव्हा तुला काय दिसत होतं? काय ऐकू येत होतं? पुढे काय होईल असं वाटत होतं?" मानसशास्त्रज्ञ बारूक फिशहॉफ यांनी १९७५ साली प्रयोगांतून दाखवलं होतं की एखाद्या घटनेचा शेवट कळला की तो आधीपासूनच दिसत होता असं माणसाला वाटू लागतं. आमच्याकडे हे रोज घडत होतं. ज्याने त्या दिवशी खिंडीत दोन तास निवांत काढले होते, तोच आता सांगत होता, "मला सकाळपासून काहीतरी गडबड वाटत होती." खोटं बोलत नव्हता तो. त्याला आता खरोखरच तसं आठवत होतं.

वेळांच्या बाबतीत तर कोणाचाच भरवसा धरता येईना. अपघात दीडला झाला असं दोघं शपथेवर सांगत होते, एक जण तीन म्हणत होता. शेवटी सगळ्यांच्या मोबाइलमधले फोटो मागवले आणि फोटोंच्या वेळांवरून दिवस पुन्हा उभा केला. कार्डशीटचे मोठे कागद जोडून भिंतीवर लावले. वर ठरलेला बेत, खाली घडलेला दिवस.

बेत असा होता : साडेसहाला गाव सोडायचं, आठला खिंडीत, साडेआठला चढाई सुरू, एकच्या आत शेवटचा माणूस खाली. घडलं ते असं. घाटात रस्त्याचं काम चालू होतं, टेम्पो अडकला, गावात पोहोचायलाच उशीर झाला. खिंडीत सव्वानऊ वाजले. पहिल्या टप्प्यावरचा एक जुना बोल्ट, म्हणजे दोर अडकवायला कातळात ठोकलेली खुंटी, लीडरच्या हाताला हलला. तिने त्यावर भार दिला नाही, तिथेच लोंबकळत हाताने नवा बोल्ट ठोकला. सह्याद्रीचा काळा कातळ, हातोडी आणि ड्रिल बिट, तास गेला. हा निर्णय इतका बरोबर होता की प्रशिक्षणात उदाहरण म्हणून सांगावा. मग नऊ माणसं एकामागून एक वर. कोणालाही घाई करायला लावली नाही, हेही बरोबर. प्रत्येकाचा हार्नेस (कमरेचा पट्टा) आणि स्क्रू कॅरॅबिनर (दोर अडकवायची कडी) दुसऱ्याने तपासला. उतरतानाही तीच शिस्त. शेवटचा माणूस उतरायला लागला तेव्हा दोन वाजून पस्तीस मिनिटं झाली होती.

त्या कागदासमोर मी बराच वेळ उभी राहायची. चुकीचा निर्णय शोधत होते, आणि हाती येत होते ते योग्य निर्णय. प्रत्येक योग्य निर्णयाने थोडा वेळ घेतला होता.

साधनांची तपासणी लवकर संपली. दोर, स्लिंग, डिसेंडर, अँकर सगळं जमिनीवर मांडून बघितलं. काहीही तुटलं नव्हतं, काहीही चुकीचं बांधलं गेलं नव्हतं. बहुतेकांच्या मनातला गिर्यारोहणाचा अपघात हा बांधण्यातल्या चुकीचा असतो, आणि तसे होतातही. लिन हिल ही त्या काळातली जगातली अव्वल प्रस्तरारोहक. १९८९ मध्ये फ्रान्समधल्या ब्यूक्स इथे हार्नेसची गाठ अर्धी बांधलेली असताना ती बुटांकडे वळली आणि गाठ तशीच राहिली. चढाई पूर्ण करून तिने दोरावर भार टाकला आणि २० मीटरहून जास्त उंचीवरून ती खाली आली. झाडाच्या फांद्यांमुळे वाचली. अशा अपघाताला औषध आहे : जोडीदाराने गाठ बघायची, प्रत्येक वेळी. आमची मुलं ते करतच होती. आमच्या अपघातात अशी गाठच नव्हती.

मग आम्ही तिघं प्रत्यक्ष जागेवर गेलो. सकाळी साडेआठला खिंडीत उभं राहून पाहिलं. थांबायची जागा पश्चिमेच्या बाजूला, सपाट, ऐसपैस, दोर येतो त्या रेषेपासून चांगली लांब, कोपऱ्याच्या आड. वरून काहीही पडलं तरी तिथे येणार नाही. सावली, गार कातळ. याहून चांगली जागा त्या खिंडीत नाही. फोटो काढले, अंतरं मोजली. बरोबरचा एक जण म्हणाला, "ताई, झालं की काम. ऊन व्हायच्या आत उतरू." मी नको म्हटलं. कारखान्यात रात्रपाळीतल्या अपघाताची जागा आम्ही रात्रीच बघतो. इथे अडीचची जागा बघायला हवी होती.

अकरानंतर सूर्य वर आला. साडेबाराला पश्चिमेच्या कट्ट्यावरची सावली पायाच्या अंगठ्याशी आली. दीडला ती नव्हती. दोनला कातळ तव्यासारखा तापला, वारा बंद, बाटलीतलं पाणी कोमट. आणि कोपऱ्याच्या पलीकडे, पूर्वेच्या बाजूला, सुळक्याची गार सावली पडली होती. खालच्या दरीतून झुळूक येत होती. सव्वादोनच्या सुमारास आम्ही तिघंही तिथे जाऊन बसलो होतो. कोणी कोणाला चल म्हटलं नव्हतं. पाठपिशवी उचलली आणि सरकलो, इतकंच. वर कोणी नव्हतं म्हणून ते चाललं. पण मी मान वर केली तेव्हा रॅपलिंगची रेषा बरोबर आमच्या डोक्यावर होती.

तो मुलगा पहिल्या फळीत चढून साडेअकराला खाली आला होता. तीन तास तो त्या खिंडीत होता. तीन लिटर पाणी आणलं होतं, ते दीडलाच संपलं होतं. त्याने जागा सोडली, हे खरं. पण त्याआधी जागेने आपला गुण सोडला होता, आणि हे कोणाच्याही यादीत नव्हतं.

पुण्यात परतल्यावर जुन्या सभासदांना फोन केले. थांबायची जागा पश्चिमेला, हा नियम कोणी केला? उत्तर मिळालं : संस्थेच्या सुरुवातीच्या लोकांनी. ते चार-पाच जण असायचे, अंधारात निघायचे, बाराच्या आत गावात जेवायला. त्यांच्यासाठी ती जागा दिवसभर सावलीतच होती, कारण त्यांचा तिथला दिवस दुपारपर्यंत पोहोचतच नव्हता. नियम आमच्यापर्यंत आला, तो कोणत्या अटीवर उभा होता ते आलं नाही. इयन मॅकॅमन यांनी अमेरिकेतल्या १९७२ ते २००३ या काळातल्या ७१५ हिमप्रपात-अपघातांचा अभ्यास केला होता. त्यात त्यांना दिसलं की चांगलं प्रशिक्षण घेतलेली माणसंसुद्धा ओळखीच्या भागात, अनोळखी भागापेक्षा जास्त धोका पत्करतात. आमच्याकडे बर्फ नाही, पण ती ओळ वाचताना मला आमची खिंडच दिसली. ओळखीची जागा कोणी पुन्हा तपासत नाही.

आता दगडाविषयी. सह्याद्रीत बेसॉल्टचे थर एकावर एक आहेत, मधे कुठे कुठे तांबड्या मातीचा मऊ पट्टा. मऊ पट्टा झिजतो, वरचा टणक थर अधांतरी होतो, फुटतो आणि त्याचे तुकडे पट्ट्यांवरच्या गवतात अडकून राहतात. पावसाळ्यात गवताची मुळं त्यांना धरून ठेवतात. फेब्रुवारीत गवत वाळलेलं असतं, मातीही सैल होते. खिंडीपासून साधारण ३० मीटरवर असा एक पट्टा आहे. त्यावरून त्या दिवशी आठ जण आधी उतरले होते, दोर त्यावरून घासत होता आणि काहीही पडलं नव्हतं. नवव्याच्या वेळी पडलं.

३० मीटरवरून सुटलेल्या दगडाला खाली यायला अडीच सेकंद लागतात आणि तो ताशी ८५ किलोमीटरच्या पुढच्या वेगाने पोहोचतो. वरचा माणूस "दगड!" म्हणून ओरडला होता, ऐकून, कळून, हलायला उरतो एखादा सेकंद. गिर्यारोहणाच्या हेल्मेटची प्रमाणित चाचणी ५ किलोचं वजन २ मीटरवरून टाकून घेतात, म्हणजे सुमारे १०० जूल ऊर्जा. किलोभर दगड ३० मीटरवरून आला तर जवळपास ३०० जूल घेऊन येतो. हेल्मेट वापरावंच, वरून उडणाऱ्या खड्यांपासून आणि पडताना कातळावर डोकं आपटण्यापासून ते वाचवतं, या मुलालाही घसाऱ्यात त्यानेच वाचवलं. पण दगड सरळ डोक्यावर आला असता तर हेल्मेटच्या भरवशावर मी काही लिहू शकले नसते. हे आकडे अहवालात टाकले तेव्हा काही जण अस्वस्थ झाले.

त्या आठवड्यांत मी इतरांचे अपघातही वाचत होते. अमेरिकन अल्पाइन क्लब १९४८ पासून दरवर्षी अपघातांचे अहवाल छापतो. ते सलग वाचणं जड जातं. भारतातली एक घटना तर सगळ्यांनाच माहीत आहे. उत्तरकाशीची नेहरू गिर्यारोहण संस्था १९६५ पासून गिर्यारोहण शिकवते. ४ ऑक्टोबर २०२२ रोजी तिच्या प्रगत अभ्यासक्रमाची तुकडी द्रौपदी का डांडा-२ या ५,६७० मीटर उंचीच्या शिखरावर हिमप्रपातात सापडली. २७ जणांचे मृतदेह मिळाले, दोघं मिळालेच नाहीत. त्यांत प्रशिक्षक सविता कंसवाल होत्या. त्याच वर्षी मे महिन्यात त्यांनी १६ दिवसांत एव्हरेस्ट आणि मकालू ही दोन्ही शिखरं गाठली होती. आपल्याकडे तयारीचा जो काही सर्वोच्च अर्थ असेल तो त्या दोरावर होता. पुण्याहून दर वर्षी कितीतरी मुलं अशा अभ्यासक्रमांना जातात. आम्हीच शिफारसपत्रं देतो, यापुढेही देणार आहोत. म्हणूनच त्या २९ जणांच्या बातमीवरून पुढे सरकायला मला वेळ लागला.

तयारी ज्याची कल्पना आहे त्याच्याशी लढते. गाठ, बोल्ट, दोर, प्रथमोपचार. ज्याची कल्पनाच नाही त्याच्यासमोर कामाला येते ती फक्त शिल्लक : उरलेला वेळ, उरलेलं पाणी, उरलेला उजेड, पायातली उरलेली ताकद. आणि आमच्या बाबतीत मला स्पष्ट दिसलं की वाढलेल्या तयारीनेच ही शिल्लक खाल्ली होती. दोर हलके झाले, बूट चांगले आले, हवामान मोबाइलवर कळायला लागलं. त्यातून वाचलेल्या वेळात आम्ही पाचाचे नऊ जण न्यायला लागलो. कॅनडातले मानसशास्त्रज्ञ जेराल्ड वाइल्ड यांनी १९८२ मध्ये मांडलं होतं की सुरक्षितता वाढली की माणसं तितकाच जास्त धोका घेऊन हिशेब पुन्हा बरोबरीला आणतात. त्यावर पुष्कळ वाद आहेत आणि मलाही ते सरसकट पटत नाही. सीटबेल्टने माणसं वाचतातच. पण आमच्या भिंतीवरच्या कागदात तो हिशेब मांडलेला दिसत होता.

मुलगा वाचला तोही शिल्लकीमुळेच. खिंडीत मोबाइलला रेंज नाही. एक जण धावत गावात गेला. दोघांनी प्रथमोपचाराचं शिक्षण घेतलं होतं, त्यांनी त्याची मान स्थिर ठेवली, उगाच उठवलं-बसवलं नाही. गावकरी बांबू आणि घोंगड्या घेऊन वर आले. माणूस घालून ती झोळी घसाऱ्यावरून उतरवणं हे काम ज्यांनी केलंय त्यांनाच माहीत. रस्त्यावरच्या रुग्णवाहिकेपाशी पोहोचले तेव्हा साडेसहा होत आले होते, जेमतेम उजेड होता. त्या दिवशी बेतातल्या सगळ्या गोष्टी संपल्या होत्या. फक्त चार तासांचा दिवस उरला होता. बोल्ट ठोकायला आणखी दोन तास लागले असते तर ती झोळी काळोखात उतरवावी लागली असती.

अहवाल पूर्ण करण्याआधी कोथरूडला त्या मुलाच्या घरी गेले. मुलगा आतल्या खोलीत झोपला होता. त्याची आई माझ्याच वयाची. चहा ठेवून समोर बसल्या आणि म्हणाल्या, "तुमची सगळी माणसं येऊन सांगून गेली, आम्ही सगळं बरोबर केलं होतं. मग माझा मुलगा पडला कसा?"

मी त्यांना सगळा दिवस सांगितला, घाटातल्या टेम्पोपासून. सावलीचं सांगितलं. त्यांनी मधे एकदाच विचारलं, "म्हणजे तो उन्हाला कंटाळून सावलीत बसला?" मी हो म्हटलं. त्या बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "आणि हे पुन्हा होऊ शकतं."

"हेच होणार नाही, याची सोय करतो आहोत," मी म्हटलं. "पण दुसरं काहीतरी होऊ शकतं. ते काय असेल ते आज मला सांगता येणार नाही."

"बाकीचे म्हणाले, आता कधीच होणार नाही."

"तसं मी लिहिणार नाही."

अहवालातल्या सूचना साध्या आहेत. अशा सुळक्यावर सहापेक्षा जास्त माणसं नकोत. अकरानंतर कोणीही वर चढायला सुरुवात करायची नाही, कारण काहीही असो. खिंडीत एक अनुभवी माणूस फक्त खिंड सांभाळायला, चढायला नाही. थांबायची जागा सकाळी एकदा आणि दुपारी पुन्हा ठरवायची. उतरण्याआधी गवताच्या पट्ट्यावरचे सैल दगड खाली कोणी नसताना काढून टाकायचे. पाण्याचा एक कॅन खिंडीत राखून, त्याला हात लावायचा नाही. आणि सावलीसाठी एक ताडपत्री. किंमत काही शे रुपये, वजन किलोभर. या ताडपत्रीवर मी सर्वांत जास्त जोर दिला, कारण माणसाला उन्हात बसून राहायला सांगणारा नियम तो कितीही दिवस पाळेल असं मला वाटत नाही.

शेवटी मी 'उरलेला धोका' असा एक परिच्छेद जोडला. वरचं सगळं केल्यावरही काय राहतं ते त्यात आहे : आज घट्ट वाटलेला दगड उद्या सुटू शकतो, दक्षिणेच्या भिंतीवरचं आग्या मोहोळ वाऱ्याने किंवा कोणाच्या अत्तराने उठू शकतं, घाटातला रस्ता बंद होऊ शकतो, आणि आम्हाला न सुचलेलं काहीही. यावरच बैठकीत खरा वाद झाला. एक ज्येष्ठ सभासद, ज्यांच्याकडून मी स्वतः दोर धरायला शिकले, म्हणाले, "अगं, हे वाचून कोणते आईबाप पोरांना पाठवतील?" मी म्हटलं, "सर, जे हे वाचून पाठवतील त्यांचीच पोरं आपण न्यायची." त्यांना ते पटलं नाही, अजूनही पटलेलं नाही. लीडर इतका वेळ गप्प होती. ती म्हणाली, परिच्छेद राहू द्या, वेताळ टेकडीच्या खाणीत पहिल्या सरावाला येणाऱ्या प्रत्येकाला फॉर्मवर सही घेण्याआधी तो मी स्वतः वाचून दाखवेन.

मतदान झालं. परिच्छेद राहिला. सहा माणसांची मर्यादा मात्र मंजूर झाली नाही. टेम्पोचं भाडं नऊ जणांत परवडतं, सहांत नाही, असा मुद्दा निघाला. तो पुढच्या बैठकीवर गेला आहे, आणि तोवर त्या सुळक्याची चढाई बंद ठेवावी असं पत्र मी दिलं आहे.